इंग्रजीचा तास आणि आपली मुले

इंग्रजीचे पुस्तक उघडले की आपल्या वस्तीतील निम्म्या मुलांच्या पोटात गोळा येतो. गणिताचीही भीती असते, परंतु गणितात निदान आकडे तरी ओळखीचे असतात. इंग्रजीत अक्षर परके, उच्चार परका, आणि घरी जाऊन विचारावे तर सांगणारे कोणी नाही. दहावीचा निकाल लागला की पालक सांगत येतात, "बाकी सगळ्यात पास आहे हो, फक्त इंग्रजीत राहिला." या 'फक्त'मध्ये मुलाचे एक वर्ष जाते. पुष्कळदा शिक्षणच सुटते. मुलगी असेल तर स्थळे पाहण्यास सुरुवात होते.

इंग्रजीचे महत्त्व आपल्या समाजाला पटवून देण्याची गरज नाही. सुभेदार रामजी सकपाळ स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. मुलाची इंग्रजी पक्की व्हावी म्हणून त्यांनी घरी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा कसून अभ्यास करून घेतला. तो मुलगा १९०७ साली एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाला आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. पुढे बाबासाहेबांनी मुंबईत १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेव्हा घरात पहिल्यांदाच पाटी-पुस्तक आलेली मुले तेथे इंग्रजीतून शिकू लागली. म्हणून इंग्रजी का शिकावी यावर येथे लिहीत नाही. ती वर्गात कशी शिकवावी, विशेषतः ज्यांच्या कानावर घरी इंग्रजीचे एक वाक्यही पडत नाही अशा मुलांना कशी शिकवावी, एवढ्यापुरताच हा लेख आहे. विहारात सायंकाळी अभ्यासवर्ग चालविणारे आपले तरुण कार्यकर्ते, शिक्षक बंधू-भगिनी आणि स्वतः विद्यार्थी यांना त्यातून काही उचलता आले तर पाहावे.

पूर्वी महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी पाचवीपासून असे. सन २००० पासून ती पहिलीपासून आली. म्हणजे आजचा विद्यार्थी दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी शिकतो. दहा वर्षे शिकूनही साधा रजेचा अर्ज स्वतःच्या मनाने लिहिता येत नाही, याचे कारण मुलांच्या बुद्धीत शोधू नये, तासाच्या रचनेत शोधावे. नेहमीचा तास कसा असतो? गुरुजी धडा वाचतात, ओळीओळीचा मराठी अर्थ सांगतात, प्रश्नांची उत्तरे फळ्यावर लिहितात आणि मुले ती उतरवून घेतात. या साऱ्यात मुलाच्या तोंडून इंग्रजी किती निघाली?

हिशेब करून पाहा. वर्गात ६० मुले आणि तास ३५ मिनिटांचा. गुरुजी एक शब्दही बोलले नाहीत आणि प्रत्येकाला आळीपाळीने बोलू दिले, तरी एकाच्या वाट्याला ३५ सेकंद येतात. गुरुजींनी निम्मा वेळ घेतला तर १७ सेकंद. एवढ्या वेळात सायकलही शिकता येणार नाही, भाषेचे तर सोडाच. उलट, बाकावरच्या दोघांनी एकमेकांकडे तोंड करून दहा मिनिटे प्रश्नोत्तरे केली तर प्रत्येकाला पाच मिनिटे मिळतात. वर्गात गलका होतो हे खरे. शेजारच्या वर्गाचे शिक्षक तक्रार घेऊन येतात हेही खरे. परंतु इंग्रजीचा वर्ग अगदी शांत असेल तर तेथे इंग्रजी शिकली जात नाही, असे प्रस्तुत लेखकाचे अनेक वर्षांच्या शिकवणुकीनंतर झालेले मत आहे.

आधी कान, मग तोंड

लहान मूल मराठी बोलू लागण्यापूर्वी वर्ष-दीड वर्ष नुसते ऐकत असते. 'दार लाव', 'इकडे ये', 'चेंडू दे' हे त्याला कळते, पण बोलता येत नाही, आणि म्हणून कोणी त्याला ढ म्हणत नाही. इंग्रजीच्या वर्गात मात्र पहिल्याच आठवड्यात 'बोल, बोल' म्हणून मागे लागतात. अमेरिकेतील जेम्स आशर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात जी पद्धत मांडली ती याच निरीक्षणावर उभी आहे. शिक्षकाने आज्ञा द्यायची आणि मुलांनी ती कृतीने पाळायची. 'स्टँड अप', 'टच द डोअर', 'पुट युवर बुक अंडर द बेंच'. मुलाने बोललेच पाहिजे असे नाही. त्याने पुस्तक बाकाखाली ठेवले की त्याला 'अंडर' समजले, हे आपल्याला कळले.

याला साहित्य लागत नाही, खर्च लागत नाही. विहारातील सतरंजीवरही हे करता येते. रोज दहा मिनिटे, सुरुवातीचे दोन महिने. आज्ञा हळूहळू लांबवाव्यात: 'गो टू द विंडो, ओपन इट अँड कम बॅक'. मग एखाद्या धीट मुलीला शिक्षकाच्या जागी उभे करावे आणि तिने गुरुजींना आज्ञा द्याव्यात. गुरुजी उठाबशा काढू लागले की बाकीच्यांची भीड आपोआप चेपते.

स्टेशनच्या पाट्यांवरून अक्षरे

अक्षरओळखीच्या बाबतीत आपल्या मुलांची एक अडचण कोणी नीट समजावून सांगत नाही. आपली बाराखडी ही ध्वनींची व्यवस्था आहे. 'क' म्हटले की तोच ध्वनी, कोठेही गेला तरी. मूल हीच अपेक्षा घेऊन इंग्रजीकडे जाते. तेथे अक्षरे २६ आणि ध्वनी सुमारे ४४. शिवाय अक्षराचे नाव एक आणि काम दुसरे: 'सी' हे नाव, पण काम कधी 'क'चे तर कधी 'स'चे. मुलाला हे आधी सांगितले नाही तर त्याला वाटते, आपल्यालाच कळत नाही.

यावर एक सोपा उपाय आपल्या रेल्वेने करून ठेवला आहे. महाराष्ट्रातील स्टेशनांवर नावे देवनागरीत आणि रोमन लिपीत, दोन्ही लिहिलेली असतात. दादर, कल्याण, ठाणे ही नावे मुलाला तोंडपाठ आहेत. उच्चार माहीत असल्यामुळे त्याचे सारे लक्ष अक्षराकडे जाऊ शकते. दादर कसे लिहितात? डी-ए-डी-ए-आर. पहिल्या 'ए'चा आ झाला, दुसऱ्याचा अ. कल्याणमध्ये नेमके उलटे: आधी अ, मग आ. म्हणजे 'ए' या एकाच अक्षराला दोन कामे आहेत, हे मुलाने स्वतः शोधून काढले. दादरमध्ये 'डी'चा द झाला, पण 'डॉग'मध्ये ड. साताऱ्यात 'टी'चा त, पण 'टेबल'मध्ये ट. ठाण्यात 'टी-एच' मिळून ठ होतो, तर 'थिन'मध्ये थ आणि 'दिस'मध्ये द. आणि सर्वांत गमतीची गोष्ट शेवटच्या 'ई'ची. पुणे आणि ठाणे यांत शेवटचा 'ई' बोलतो, पण 'केक', 'नेम', 'बाइक' यांत तो गप्प बसतो, आणि गप्प बसून मागच्या स्वराचा उच्चार बदलून टाकतो. 'बिट'ला शेवटी 'ई' लावला की 'बाइट' होते, 'कॅप'ला लावला की 'केप'.

मुलांना घरून शाळेपर्यंतच्या सगळ्या पाट्या वहीत उतरवून आणायला सांगावे. दुकाने, दवाखाने, बसचे थांबे, औषधाच्या गोळ्यांची पाकिटे. एका आठवड्यात पुस्तकातील दहा धड्यांपेक्षा जास्त अक्षरे डोळ्यांखालून जातात, आणि तीही अशी की ज्यांचा अर्थ मुलाला आधीच माहीत आहे.

बाजारातील गाइडांत इंग्रजी ओळीखाली देवनागरीत उच्चार छापलेला असतो. त्याबद्दल स्पष्ट सांगितले पाहिजे. एखादा कठीण शब्द एकदा देवनागरीत लिहून दाखविण्यास हरकत नाही. परंतु ओळीच्या ओळी देवनागरीत असल्या की मुलाचा डोळा इंग्रजी ओळीवर जातच नाही. ते मूल घडाघडा 'इंग्रजी वाचते' आणि पालक खूश होतात. प्रत्यक्षात ते मराठी लिपी वाचत असते. उच्चार पेन्सिलीने लिहावा आणि दुसऱ्या दिवशी खोडावा, हा नियम ठेवावा.

वाक्य उभे करून दाखवा

आपल्या मुलांच्या चुका पाहिल्या तर त्यांतील बऱ्याच चुकांमागे मराठीचा पक्का नियम असतो. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यामागून येते. हे व्याकरणाच्या भाषेत सांगून पाठ होते, पण अंगवळणी पडत नाही. त्यासाठी एक खेळ करावा. तीन मुलांच्या हातांत 'मी', 'आंबा', 'खातो' अशा पाट्या देऊन त्यांना रांगेत उभे करावे. मग त्याच मुलांच्या हातांत इंग्रजी पाट्या द्याव्यात: 'आय', 'मँगो', 'ईट'. आता इंग्रजी वाक्यासाठी जागा बदला. 'ईट' पळत मधे येतो, 'मँगो' शेवटी जातो, आणि चौथे एक मूल 'अ' होऊन 'मँगो'च्या पुढे उभे राहते. वर्ग पाहतो की मराठीत नसलेला एक पाहुणा इंग्रजीत आला.

खरी मौज प्रश्न करताना येते. मराठीत प्रश्न करायचा तर शेवटी 'का' लावला की झाले. इंग्रजीत 'डू' नावाचे मूल बाहेरून येऊन रांगेच्या अगदी पुढे उभे राहते. 'डू यू ईट मँगोज?' कर्ता 'ही' असेल तर 'ईट'च्या हातात 'एस'ची एक वेगळी चिठ्ठी असते. प्रश्न करताना 'डू' पुढे येतो, 'ईट'कडून ती चिठ्ठी काढून घेतो आणि स्वतः 'डझ' बनतो. 'ईट' रिकाम्या हाताने उभा राहतो. 'डझ ही ईट मँगोज?' नकारार्थी वाक्यातही तेच: 'ही डझ नॉट ईट'. चिठ्ठी एकच आहे, ती दोघांकडे एकाच वेळी असू शकत नाही. 'डझ ही ईट्स' ही चूक वर्षानुवर्षे लाल शाईने जात नाही. या खेळाने ती पुष्कळ मुलांच्या डोक्यातून गेलेली प्रस्तुत लेखकाने पाहिली आहे.

काही चुकांमागे आपली संस्कृतीच उभी असते. 'माझे वडील शेतात गेले' असे आपण आदराने अनेकवचनात बोलतो. मूल इंग्रजीत लिहिते, 'माय फादर आर इन द फील्ड. दे आर वर्किंग.' वडिलांना एकवचनात 'ही' म्हणणे त्याच्या जिभेवर येत नाही. येथे चूक म्हणून फुली मारण्यापेक्षा सांगावे की इंग्रजीत आदर क्रियापदात नसतो. तो 'सर', 'प्लीज', 'मे आय' अशा शब्दांत असतो. वडिलांसाठीही 'ही', चोरासाठीही 'ही'. मुले हसतात, आणि लक्षात ठेवतात.

तसेच 'मला'चे. मला भूक लागली, मला ताप आला, मला दोन बहिणी आहेत, मला आंबा आवडतो. मराठीत या साऱ्या गोष्टी 'मला' होतात, इंग्रजीत त्यांचा कर्ता 'आय' असतो: आय ॲम हंग्री, आय हॅव फीवर, आय हॅव टू सिस्टर्स, आय लाइक मँगोज. आणि 'आहे' या एका शब्दासाठी इंग्रजीत दोन दारे आहेत. असणे सांगायचे तर 'इज', जवळ असणे सांगायचे तर 'हॅव' किंवा 'हॅज'. 'माझ्याकडे पेन आहे' याचे 'माय नियर पेन इज' करणारे मूल मूर्ख नव्हे. त्याने शब्दाला शब्द ठेवून प्रामाणिकपणे भाषांतर केले आहे. त्याला दोन दारे दाखविली नाहीत, एवढेच.

'अ' आणि 'द' यांनी मोठमोठ्यांना छळले आहे. त्याचे सारे बारकावे शाळेत शिकविण्याच्या भरीस पडू नये. पण मुख्य गोष्ट आपल्या आजीच्या गोष्टीतच आहे. 'एक होता राजा. त्या राजाला दोन राण्या होत्या.' पहिल्यांदा आला तेव्हा 'एक' राजा, ओळख झाल्यावर 'तो' राजा. इंग्रजीतही पहिल्यांदा 'अ किंग', मग 'द किंग'. एवढे कळले तरी निम्मे काम झाले.

उच्चारांबाबत थोडक्यात. 'व्हॅन'मधील व्ह म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागतात, 'वॉटर'मधील व म्हणताना ओठांचा चंबू होतो. मुलांना हे आरशात दाखवावे. ऱ्हस्व-दीर्घ आपण लिहिण्यात पाळतो, बोलण्यात फारसे पाळत नाही, म्हणून 'आय लिव्ह इन ठाणे' म्हणण्याऐवजी मूल 'आय लीव्ह' म्हणते आणि राहण्याऐवजी सोडून जाते. याहून अधिक उच्चाराच्या मागे लागू नये. साहेबासारखे बोलता येणे हे आपले ध्येय नाही.

वर्गात मराठी बोलावे की नाही?

यावर शिक्षकांत फार वाद आहेत. इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्द उच्चारला तर दंड, असेही काही शाळांत चालते. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. वेल्समधील सी. जे. डॉडसन यांनी १९६७ साली द्विभाषा पद्धतीवर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की, अर्थ सांगण्यासाठी मातृभाषेचा एकदा, नेमका उपयोग करावा आणि वाचलेला वेळ इंग्रजीच्या सरावाला द्यावा. 'होप' किंवा 'बिकॉज' या शब्दांचा अर्थ हावभावांनी सांगण्यात पंधरा मिनिटे घालवायची, आणि शेवटी मुलाने मनात भलतेच समजून बसायचे, यात काय अर्थ आहे? 'आशा', 'कारण' म्हणून मोकळे व्हावे. मात्र मराठी ही दार उघडण्यापुरती. संपूर्ण तास मराठीत चालवून त्याला इंग्रजीचा तास म्हणणे ही फसवणूक आहे. हजेरी, 'फळा पुसा', 'वही काढा', 'उशीर का झाला' ही रोजची पंचवीस-तीस वाक्ये तरी इंग्रजीतच झाली पाहिजेत. कारण ती खऱ्या कामासाठी वापरली जातात.

आणि मराठीने इंग्रजी शब्द किती आपलेसे करून ठेवले आहेत पाहा! बस, तिकीट, सायकल, ब्रेक, पंक्चर, बॅट, बॉल, डॉक्टर, टेबल, पेन. पहिल्याच दिवशी मुलांकडून असे शब्द फळ्यावर लिहून घ्यावेत. शंभर शब्द सहज निघतात, आणि 'मला इंग्रजीचा एकही शब्द येत नाही' म्हणणाऱ्या मुलाचा चेहरा पाहण्यासारखा होतो. यांतील काहींनी मराठीत येऊन वेष पालटला आहे, तेवढे मात्र सांगावे. आपले 'हॉटेल' म्हणजे चहा-भजी मिळण्याचे ठिकाण, इंग्रजीत मुक्कामाची जागा. आपण 'लाईट गेली' म्हणतो तेव्हा वीज गेलेली असते. आपले 'कंपाऊंड' म्हणजे भिंत, त्यांचे कंपाऊंड म्हणजे भिंतीच्या आतील आवार.

शब्द किती शिकवावेत? मायकेल वेस्ट हे ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ ढाक्याला शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. बंगाली मुलांना शिकविताना त्यांना दिसून आले की पुस्तके जुन्या, क्वचित लागणाऱ्या शब्दांनी भरलेली आहेत. पुढे १९५३ साली त्यांनी सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातील सुमारे ८० टक्के शब्द तिच्यात येतात, असे समजले जाते. म्हणजे रोज एक नवा शब्द पक्का केला तरी सहा वर्षांत काम होते. मात्र पक्का म्हणजे वाक्यात वापरता येणारा. 'कठीण शब्दार्थ' म्हणून पाठ केलेले शब्द परीक्षेच्या हॉलबाहेर येत नाहीत. याच वेस्ट यांनी १९६० साली गर्दीच्या वर्गात, अपुऱ्या साधनांत इंग्रजी कशी शिकवावी यावर एक छोटे पुस्तक लिहिले. आपल्या बहुतेक शाळा त्या पुस्तकातच बसतात.

चूक आणि हसणे

आपली मुले वर्गात बोलत नाहीत, याचे पहिले कारण शब्द येत नाहीत हे नसून हसतील ही भीती हे आहे. ज्या मुलाच्या मराठीलाही 'गावठी' म्हणून कोणी हसले आहे, त्याच्यावर इंग्रजी बोलताना दुहेरी ओझे असते. कोकणातून, मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या आपल्या मुलांनी हे सोसलेले आहे. म्हणून इंग्रजीच्या वर्गाचा पहिला नियम, तोही पहिल्याच दिवशी सांगून टाकलेला, असा असावा की चुकीला हसणे नाही. शिक्षकानेही नाही.

मग चुका सुधारायच्या की नाहीत? सुधारायच्या, पण वेळ पाहून. मूल सांगते, 'यस्टरडे आय गो टू मार्केट.' तेथेच थांबवून 'गो नाही, वेन्ट' म्हटले की मूल गप्प होते आणि बाजारात काय झाले ते आपल्याला कधीच कळत नाही. त्याऐवजी सहज म्हणावे, 'ओ, यू वेन्ट टू द मार्केट? व्हॉट डिड यू बाय?' बरोबर रूप त्याच्या कानावर पडले आणि संभाषणही चालू राहिले. वहीतील चुकांचेही तसेच. एका निबंधात पंचवीस लाल फुल्या पाहून कोणते मूल काय शिकेल? एका वेळी एकाच प्रकारच्या चुका धराव्यात. या आठवड्यात फक्त 'इज' आणि 'आर', पुढच्या आठवड्यात भूतकाळ.

निबंधाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. 'माय मदर' हा निबंध साठ वह्यांत सारखाच असतो. प्रत्येकाची आई पहाटे पाचला उठते, सर्वांवर माया करते आणि गाइडातून आलेली असते. त्यापेक्षा आपल्या आईविषयी पाचच वाक्ये लिहा, पण ती खरी असली पाहिजेत, असे सांगावे. 'माय मदर सेल्स व्हेजिटेबल्स. शी कॅन नॉट रीड, बट शी नेव्हर मेक्स अ मिस्टेक इन मनी.' अशी दोन वाक्ये एका मुलीने लिहून आणली होती. हिशेबात न चुकणारी ती भाजीवाली कोणत्याही गाइडात सापडणार नाही.

भाषा कामातून येते

आपल्याच देशातील एका प्रयोगाची माहिती येथे देणे आवश्यक वाटते. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही शाळांत एक प्रयोग केला. तो 'बेंगलोर प्रकल्प' या नावाने जगभर ओळखला जातो, आणि १९८७ साली प्रभूंनी त्यावर पुस्तकही लिहिले. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना विचार करायला लावणारी छोटी कामे इंग्रजीतून द्यायची, असे त्याचे स्वरूप होते. रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा, किमतींचा तक्ता अशा गोष्टी घेत. आधी शिक्षक साऱ्या वर्गाबरोबर एक काम प्रश्न विचारत सोडवी, मग तसेच दुसरे काम मुले आपापली करीत. लक्ष उत्तराकडे असे, आणि उत्तर शोधताना भाषा डोक्यात जाई. प्रभूंचा मुलांच्या गटकार्यावर फारसा भर नव्हता, आणि या मुद्द्यावर वर जोडीने बोलण्याविषयी लिहिले आहे ते त्यांच्या मताशी जुळत नाही, हे मान्य करतो. परंतु साठ मुलांच्या वर्गात दुसरा मार्ग दिसत नाही.

विहारातील अभ्यासवर्गात हे करणे सोपे आहे. एखाद्या गाडीचे वेळापत्रक फळ्यावर लिहावे. 'व्हेन डझ द ट्रेन लीव्ह?' 'हाऊ लाँग डझ इट स्टॉप हिअर?' 'यू मस्ट रीच बाय टेन. विच ट्रेन विल यू टेक?' शेवटच्या प्रश्नाला मुले भांडू लागतात, आणि भांडताना इंग्रजी येते. बँकेत पैसे भरण्याची पावती हेही उत्तम साधन आहे. तीवर बहुधा मराठी, हिंदी आणि इंग्रजी शेजारी शेजारी असते. नाव, जन्मतारीख, सही, रक्कम अक्षरी, रक्कम अंकी. आठवीच्या मुलाने शिष्यवृत्तीचा अर्ज स्वतः भरला तर त्या दिवशी तो इंग्रजीचा एक धडा शिकला, आणि घरच्यांना दुसऱ्याच्या दारात जावे लागले नाही.

आईवडिलांना इंग्रजी येत नाही म्हणून ते काही करू शकत नाहीत, हा समजही चुकीचा आहे. मुलाने रोज दहा मिनिटे मोठ्याने वाचावे आणि आईने स्वयंपाक करता करता ऐकावे. वाचून झाल्यावर तिने एवढेच विचारावे, "काय वाचलंस ते मला मराठीत सांग बरं." ज्याला सांगता येत नाही त्याने समजून वाचलेले नाही, हे तिला इंग्रजी न येताही कळते.

दहावीनंतरची खाच

आता थोडे मोठ्या विद्यार्थ्यांसाठी. मराठी माध्यमातून चांगल्या गुणांनी दहावी झालेली आपली मुले अकरावी विज्ञानाला जातात आणि पहिल्या दोन महिन्यांतच खचतात. काल ज्याला 'त्वरण' म्हणत होतो ते आज 'अॅक्सलरेशन' होते. 'प्रकाशसंश्लेषण'चे 'फोटोसिंथेसिस', 'अपवर्तन'चे 'रिफ्रॅक्शन'. विषय तोच असतो, मुलाला तो येतही असतो, पण ओळख पटत नाही. किती तरी हुशार मुले येथून शास्त्र सोडून गेली आहेत. दहावीच्या परीक्षेनंतर निकाल लागेपर्यंत जी सुटी मिळते, ती या कामी लावावी. नववी-दहावीचे विज्ञानाचे मराठी पुस्तक आणि त्याच इयत्तेचे इंग्रजी माध्यमाचे पुस्तक शेजारी शेजारी ठेवून वाचावे. पाठ्यपुस्तक मंडळाची ही दोन्ही पुस्तके प्रकरणाला प्रकरण मिळतीजुळती असल्याने कोश फारसा उघडावा लागत नाही. डावीकडे मराठी संज्ञा, उजवीकडे इंग्रजी, अशी वही करावी. ज्यांचा रोजचा अर्थ वेगळा आहे त्यांच्याखाली रेघ मारावी. 'वर्क' म्हणजे रोजच्या भाषेत काम, पण पदार्थविज्ञानात बल लावून वस्तू सरकली तरच 'वर्क'. भिंतीला तासभर ढकलले तरी ते शून्य.

संज्ञांपेक्षाही लहान शब्द अधिक दगा देतात. गणितात 'ॲट लीस्ट टू' म्हणजे किमान दोन, दोन किंवा अधिक. 'ॲट मोस्ट टू' म्हणजे जास्तीत जास्त दोन, दोन किंवा कमी. 'लीस्ट' हा शब्द पाहून मूल 'कमी' समजते आणि संभाव्यतेचे अख्खे गणित उलटे करते. 'रिस्पेक्टिव्हली' म्हणजे अनुक्रमे, 'हेन्स' म्हणजे यावरून, 'अनलेस' म्हणजे जर नाही तर, 'आयदर' म्हणजे दोहोंपैकी एक. असे तीस-चाळीस शब्द असतील. ते एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवावेत. आपल्या विहाराच्या अभ्यासिकेत असा एक तक्ता लावावा आणि दरवर्षी अकरावीला गेलेल्या मुलांनी स्वतःला अडलेले शब्द त्यात भरीत जावे.